मेणावरची वरात

माझे वडील कल्याणला रेल्वेच्या माल-कचेरीत कारकून होते आणि कॉर्नेट वाजवत. आज या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिता येतात. मी वाढलो त्या काळात त्या एका घरातही नीट मावत नसत. कचेरीचा कोट बाहेरच्या खोलीत खुंटीवर असे. कॉर्नेट, बँडातला तो आखूड पितळी बाजा, आतल्या फडताळात, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. आलेल्या पाहुण्याला कोट दिसावा आणि कॉर्नेट दिसू नये, अशी ती मांडणी होती. ती आईने केली होती, पण लाजेखातर नव्हे. "कोटाला धूळ बसली तर झटकता येते," ती म्हणे. "पितळेला दमट हवा लागली की चिंच घेऊन घासत मला बसावं लागतं."

घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. अप्पा, म्हणजे वडील, उजाडताना तळ्याच्या काठी जात आणि पाण्याकडे तोंड करून वाजवत. आधी एकच सूर, लांब आणि सरळ. पुन्हा तोच. मग चढते सूर, उतरते सूर. पाण्यावरून फिरून आवाज घरी येई तो मऊ होऊन येई. त्या वेळी आई मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसलेली असे. आमच्याकडे बिरडे नेहमीचे. भिजलेल्या वालाचे साल अंगठ्याने दाबले की आतली हिरवट डाळिंबी निसटून परातीत पडते; हे काम बोटे करतात, त्याला डोके लागत नाही, म्हणून आईचे कान मोकळे असत. अप्पा परत आले की ती वर न बघता म्हणे, "आज तो वरचा सूर चिरला."

"ओठ फुटलाय."

"मग लोणी लावा ओठाला. मला काय सांगताय."

लोण्याची एक छोटी वाटी त्यांच्यासाठी वेगळी काढलेली असे. तिला घरात 'कॉर्नेटची वाटी' म्हणत. माझी क्लॅरनेट घरात आली तेव्हा मी विचारले, माझी वाटी कुठे? आई म्हणाली, "तू आधी चिमणीच्या घशातून बाहेर ये, मग बघू." सोळाव्या वर्षी मी बाहेर आलो असे तिचे मत पडले आणि फडताळात दुसरी वाटी आली. नंतरच्या आयुष्यात मला दोन-तीन मानपत्रे मिळाली. ती कुठे आहेत ते शोधावे लागेल. वाटी समोरच्या कपाटात आहे.

अप्पांचे थोरले भाऊ ठाण्याला राहत. आम्ही त्यांना मोठे काका म्हणत असू. ते न्यायालयात शिरस्तेदार होते, आणि निवृत्तीनंतरही ठाण्यात लोक त्यांना शिरस्तेदारच म्हणत. ते सतार वाजवत, आणि फार चांगली वाजवत. अप्पांना सूर ओळखायला लहानपणी त्यांनीच शिकवले होते: विहिरीत खडा टाकायचा, रिकाम्या हंड्यावर टिचकी मारायची आणि विचारायचे, वासू, हा कुठला? तेव्हा संगीताबद्दल त्यांची तक्रार असण्याचे कारण नव्हते. त्यांची तक्रार पायांबद्दल होती.

"वाजवणं बसून होतं," ते म्हणत. "मैफलीत माणसं आपल्यापुढे येऊन बसतात. तुम्ही दुसऱ्याच्या घोड्यापुढे चालता. ह्याला वाजवणं म्हणत नाहीत. ह्याला वर्दी देणं म्हणतात."

अप्पा पहिल्यांदा एका वरातीपुढे वाजवत काकांच्या आळीतून गेले, त्या दिवशी काकांनी रस्त्यावरच्या सज्जाची दारे लावून घेतली. नंतर कधीही बँड त्या आळीतून गेला आणि त्यात अप्पा आहेत असे कळले की दारे लागत. सज्जाखालून जाताना अप्पा वर पाहत नसत. पण आवाजही उतरवत नसत. धुनेतली सगळ्यात अवघड जागा ते नेमकी तिथे घेत, हे मी त्यांच्या मागून चालत असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. दोघे भाऊ आजोबांच्या श्राद्धाला भेटत, एका पंगतीत जेवत, भाताच्या पिकाविषयी बोलत. दिवाळीला काकू खाजाचे कानवले पाठवी, आणि ते कुणाकडे चालले आहेत हे काकांना ठाऊक असूनही ते काही बोलत नसत. भांडण असे नव्हते. अप्पांना एकच गोष्ट हवी होती. दादाने एकदा ऐकावे. वाहवा करावी असे त्यांनी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. ऐकावे, एवढेच.

ज्या लग्नसराईविषयी मी लिहीत आहे तिची सुरुवात कल्याणच्या एका लाकडाच्या वखारवाल्यापासून झाली. त्याला मुलीच्या लग्नात असा बँड हवा होता की जो आधी कुणी ऐकलेला नसेल. असा बँड अस्तित्वात नव्हता, तेव्हा तो जमवावा लागला. हे काम अप्पांकडे आले. तेव्हा ठाणे आणि कल्याण भागात चार-पाच बँड होते आणि त्यांचे मालक एकमेकांच्या दारचे पाणीही पीत नसत. अप्पा एकेकाकडे जाऊन बसले. प्रत्येकाकडून त्यांनी एक-दोन वादक मागितले, आणि तेही सगळ्यात चांगले. मालकांनी ते का दिले याचे कारण सरळ आहे: दुसऱ्याने आपला उत्तम माणूस दिला आणि आपण नाही दिला, तर आपल्याकडे उत्तम माणूसच नाही असा अर्थ झाला असता. लग्नसराई संपली की प्रत्येकाने आपापल्या बँडात परत जायचे, ही अट मात्र सगळ्यांची होती.

अशा रीतीने नऊ जण जमले. ठाण्याचे फ्रान्सिस मास्तर, ज्यांनी पलटणीच्या बँडात उमेदवारी केली होती आणि ज्यांची क्लॅरनेट ऐकून मी माझी दोन दिवस हातात धरली नाही. कोलशेतचा धर्मा, खाडीवरचा कोळी, छाती एवढी रुंद की सगळ्यात मोठा पितळी बाजा त्याच्या अंगावर दागिन्यासारखा दिसे. ढोलावर कल्याणचे उस्मानभाई. कॉर्नेटवर अप्पा. दुसऱ्या क्लॅरनेटवर मी. माझी निवड बापामुळे झाली असे कुणी म्हणू नये म्हणून फ्रान्सिस मास्तरांनी माझी परीक्षा घेतली. अप्पा त्या वेळी बाहेर जाऊन उभे राहिले. मास्तर नंतर एवढेच म्हणाले, "ठेव पोराला. माझ्या मागं राहील, पण सुटणार नाय." मी ते प्रशस्तिपत्रक समजलो आणि अजून समजतो.

अप्पांनी बँडचे नाव 'निवडक बँड' ठेवले. वखारवाल्याला ते फार साधे वाटले. अप्पा म्हणाले, "जे आहे ते लिहिलंय."

आता त्या बँडच्या वाजवण्याविषयी. उस्मानभाई ढोलाचा भारी ठोका पावलाच्या किंचित मागे टाकत. पाऊल पडे, आणि ठोका राहिला की काय असे वाटते न वाटते तोच तो येई. एवढ्याशा उशिरामुळे सगळी धून एका बाजूला कलून पुन्हा सावरल्यासारखी चाले, झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तशी. याला आम्ही झोक म्हणत असू. झोक हा नऊ जणांच्या पायांतून येई. आमचा सरावसुद्धा तळ्याभोवती चालत होई, बसून कधी नाही. ऐकणाऱ्यांचे खांदे डुलत. घोडे पाय बदलत. झोकाला एकच माणूस अधूनमधून धक्का लावी, आणि ते अप्पा होते. रंगात आले की कॉर्नेट ढोलाच्या पुढे धावे. उस्मानभाई मागून ओरडत, "कारकूनसाहेब, गाडी सुटतेय का तुमची? सबुरीनं!" अप्पा हसत. ऐकत मात्र नसत.

वखारवाल्याच्या मुलीचे लग्न झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सुपाऱ्या येऊ लागल्या. अप्पांनी साठवलेली रजा काढली. आम्ही भिवंडीला गेलो, डोंबिवलीला गेलो. डोंबिवली तेव्हा भातखाचरांमधले गाव होते; वाद्ये बैलगाडीत आणि आम्ही बांधावरून. दिवा गावी मिठागरांच्या मधल्या वाटेने वरात निघाली; दोन्ही बाजूंना मिठाच्या पांढऱ्या राशी आणि खारी हवा, आणि तिथल्या बायका हातातली फावडी टेकून उभ्या राहिल्या. एका आजीने धर्माच्या बाजात डोकावून विचारले, "यात काय भरलंय रं एवढं?" धर्मा म्हणाला, "वारा हाय आजे. खाडीवरचा. फुकटचा." कोलशेतला आम्ही होडीतून वाजवत गेलो. तिथे चालता येत नव्हते, म्हणून उस्मानभाईंनी वल्ह्यांच्या ठोक्यावर झोक धरला. धर्माच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. फ्रान्सिस मास्तरांनी तिसरी भाकरी मागितली तेव्हा धर्माची आई म्हणाली, "खा बाबा, फुकून फुकून पोट रिकामं झालं असंल." माणसे आपापल्या गावचा उत्तम वादक पाहायला येत आणि परगावचे आठ ऐकून जात. अमक्या गावी निवडक बँड येणार म्हणून लग्नाचा दिवस पुढे ढकलल्याचे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले. यातले खरे किती ते मी तपासले नाही. आम्ही चांगले वाजवत होतो हे मात्र तपासण्याची गरज नाही.

सराई संपत आली तेव्हा सोराबशेट आले. मुंबईचे पारशी गृहस्थ, गावोगाव बोलते यंत्र दाखवत फिरत. आज घराघरांत रेडिओ आहे, म्हणून थोडे सांगतो. त्या यंत्रावर मेणाची नळी बसवायची, चावी द्यायची. कर्ण्यापुढे बोलले किंवा वाजवले की सुई मेणावर रेघ ओढी, आणि दुसरी सुई त्या रेघेवरून फिरवली की तेच ऐकू येई. नळी दोनेक मिनिटांत संपे. एका नळीची दुसरी नळी करण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. दहा नळ्या हव्या असतील तर दहा वेळा वाजवायचे. आणि बिघडलेली नळी तासून गुळगुळीत केली की पुन्हा वापरता येई. या शेवटच्या गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून आहे.

सोराबशेटनी आम्हाला डोंबिवलीला ऐकले होते. त्यांना निवडक बँडच्या नळ्या हव्या होत्या, आणि बँड मोडायला थोडेच दिवस उरले होते. शेवटची वरात ठाण्याला होती; त्यानंतर फ्रान्सिस मास्तर एका संस्थानाच्या बँडात रुजू होणार होते. वखारवाल्याने आपले भाताचे कोठार दिले. मोठे, लांब, पोत्यांनी भरलेले. दोन टोकांना दोन दारे. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून सोराबशेट खूश झाले. उन्हाने मेण मऊ पडू नये म्हणून नळ्यांचे डबे पाण्याच्या रांजणाआड ठेवले. यंत्र कोठाराच्या मध्यावर. पितळी वाद्यांचा आवाज जवळून आला तर सुई उडते, म्हणून त्यांनी आम्हाला मागच्या दारापाशी उभे केले आणि सांगितले, "मी हात खाली केला के पयला हा पोरगा बँडचा नाव बोलेल. मंग वाजवायचा. आणि मधी कोण बोलायचा नाय, खोकायचा नाय. मेण सगला ऐकते."

त्यांनी हात वर केला. उस्मानभाईंना तो वरात निघाल्याचा इशारा वाटला. वराती निघतात त्या वर गेलेल्या हातावरच. ढोलाचा ठोका पडला, अप्पांनी कॉर्नेट ओठांना लावला, बँडचे नाव सांगायचे माझ्याकडून राहून गेले, आणि आम्ही चालू लागलो.

यात कुणी विचार केला नव्हता. ढोल वाजला की चालायचे. दुसरे काही आमच्या अंगाला माहीतच नव्हते. आम्ही मागच्या दाराकडून यंत्राकडे आलो, यंत्राच्या बाजूने पुढे गेलो, आणि समोर उघडे दार दिसले म्हणून त्यातून बाहेर अंगणात गेलो. जाताना मी सोराबशेटना पाहिले. त्यांचे डोळे विस्फारलेले होते आणि दोन्ही हात हवेत हलत होते. मेण सगळे ऐकते म्हणून त्यांना ओरडता येत नव्हते. मला वाटले, माणूस रंगला. अंगणात चिंचेखाली आल्यावर धर्माच्या लक्षात आले आणि त्याने बाजा खाली केला. "अप्पा," तो म्हणाला, "यंतर आत ऱ्हायलं."

आम्ही परत आत गेलो. सोराबशेटना आता बोलता येत होते.

"अरे बावा, तुमी जाते कुठे? यंत्र इथे, बाजा बाहेर! मी काय यंत्र डोक्यावर घेऊन तुमच्या मागे धावू? नली खल्लास!" त्यांनी नळी तासायचे पाते काढले.

"आधी लावा तरी," अप्पा म्हणाले.

"काय लावायचा? हाय काय त्यात?"

"आमची आहे. एकदा लावा."

त्यांनी कुरकुरत सुई बदलली. आधी नुसती खरखर. मग खूप लांबून, जणू तळ्यापलीकडून, ढोल. मग त्याच्यावर बारीक पितळ. आवाज जवळ येऊ लागला, वाढत गेला, क्लॅरनेटी वेगळ्या ऐकू आल्या, कॉर्नेट कानाशी येऊन चमकला, आणि मग सगळे पलीकडे सरकले. पाठमोरे झाले. शेवटी नुसता ढोल उरला, मग तोही नाही. मी आमच्या लोकांकडे पाहिले. आठही जणांच्या माना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळल्या होत्या. उस्मानभाई तर उघड्या दाराकडे बघत होते.

"गेली," ते म्हणाले.

"तेच तर मी बोलते, गेली!" सोराबशेट म्हणाले. "आता बसा खुर्चीवर सगले. कोण हलायचा नाय."

बसून वाजवले. नळी स्वच्छ निघाली, मोठी आणि खणखणीत. प्रत्येक वाद्य जागेवर. सोराबशेटनी टाळ्या वाजवल्या. आम्ही ऐकले. झोक नव्हता. ठोका पावलाच्या मागे पडायचा, तर पाऊलच नव्हते. धर्मा म्हणाला, "बसवून ठेवलाय आमाला. आमी काय नवरी हाव?" फ्रान्सिस मास्तर रुमालाने क्लॅरनेट पुसत म्हणाले, "मयताला वाजवतो तसा वाजला."

सोराबशेटना मात्र तसलीच नळी हवी होती, आणि जितक्या मिळतील तितक्या. अप्पांनी मग आपले म्हणणे मांडले. ती पहिली नळी तासायची नाही. ती आम्हाला द्यायची. तिच्या बदल्यात तुम्ही थांबा म्हणेपर्यंत बसून वाजवतो. शिवाय तुम्ही ठाण्याला खेळ करणार आहात, तिथे एकदा ती लावायची.

"त्या खराब नलीसाठी?" सोराबशेटना खरेच कळेना.

"त्याच नळीसाठी."

आम्ही दिवस कलेपर्यंत वाजवत होतो. तीच धून, पुन्हा पुन्हा, प्रत्येक नळीसाठी नव्याने. कॉर्नेटवर सगळा भार असतो. संध्याकाळी अप्पांचा खालचा ओठ सुजून बाहेर आला होता. घरी आईने बिरडे केले होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आले. आईने पान उचलले, दहीभात कालवून आणला, लोण्याची वाटी शेजारी ठेवली आणि विचारले, "एवढं काय मिळवलंत?" अप्पांनी खिशातून पत्र्याचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. ती डबा उघडून नळी उजेडात धरून बघत राहिली. "ह्यात ठाण्यापर्यंत जाईल इतकं आहे का?" तिने विचारले. अप्पांनी तिला काही सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते.

ठाण्यातल्या शिकलेल्या लोकांत त्या यंत्राचे मोठे कुतूहल होते, आणि त्यांना ते दाखवण्याची व्यवस्था झाली ती मोठ्या काकांच्याच दिवाणखान्यात. काकांना संगीतापेक्षा मेणावरच्या रेघेत रस होता. घरच्यांना निमंत्रण म्हणून आम्हीही गेलो. शेवटची वरात दुसऱ्या दिवशी असल्याने तसेही ठाण्याला जायचेच होते. वकील, मास्तर, डॉक्टर बसले होते. माजघराच्या दाराआड काकू, आई आणि इतर बायका. सोराबशेटनी एक इंग्रजी भाषण ऐकवले, एक हसण्याची नळी ऐकवली, सगळे हसले. मग आमची बसून वाजवलेली नळी लावली आणि बँडचे नावही सांगितले. काका लोडाला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. तेवढेच.

अप्पा उठले आणि त्यांनी तो डबा सोराबशेटच्या हातात दिला. सोराबशेटनी खांदे उडवले आणि लोकांना म्हणाले, "ही जरा बिघडलेली हाय. मालक ऐकत नाय, मी काय करू?" लोक पुन्हा हसले. एक वकील पानाच्या तबकाकडे वळले.

खरखर झाली. लांबून ढोल आला. माजघरातून काकूचा आवाज आला, "अगं बाई, कुणाची गं वरात?" वाद्ये जवळ येऊ लागली, आणि काकांनी डोळे उघडले. ते लोडावरून उठले. अंगावरचे उपरणे त्यांनी नीट केले, बाहेर जाताना करत तसे, आणि चालत जाऊन सज्जाची दारे उघडली. आमचा बँड कर्ण्यातून पुढे येत होता, कॉर्नेट वर चढला होता, आणि काका कठड्याला हात लावून खाली रस्त्याकडे बघत उभे होते. खाली रस्ता रिकामा होता. मी नंतर मुद्दाम पाहिले. आवाज सरकला, पाठमोरा झाला, विरला. काकांची मान त्याच्याबरोबर आळीच्या वळणाकडे फिरली. नळी संपल्यावरही ते वळले नाहीत. दिवाणखान्यात कुणी पानाला हात लावला नाही.

ते फसले होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. समोर यंत्र होते, ते त्यांना दिसत होते, आणि ते भोळे नव्हते. त्यांना आपला चेहरा कुणाला दाखवायचा नव्हता असे आई म्हणे. अप्पा म्हणत, दादाला बघायचं होतं. मी दोन्ही नोंदवून ठेवतो. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सांगितले होते, माणसाने काय केले ते लिही, त्याच्या पोटात काय होते ते लिहू नकोस.

काका परत आले, बसले, आणि सोराबशेटना म्हणाले, "पुन्हा लावा." ती पुन्हा लावली. या वेळी ते उठले नाहीत. मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. पायाचा अंगठा पावलाच्या ठेक्यावर नाही, ढोलाच्या ठोक्यासारखा त्याच्या किंचित मागे हलत होता.

ती नळी अजून माझ्याकडे आहे. दोन पावसाळ्यांतच तिला बुरशी धरली होती. मध्यंतरी नातवाने कुठून तरी जुने यंत्र मिळवून ती लावून पाहिली, आणि खरखरीखेरीज काही आले नाही. तो हळहळला. मला हळहळ वाटली नाही. बसून वाजवलेल्या त्या खणखणीत नळ्या सोराबशेटबरोबर कुठे कुठे फिरल्या असतील, त्यांचे काय झाले, याची मी कधी चौकशी केली नाही. निवडक बँड त्यांच्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर शेवटची वरात निघाली. तिचा रस्ता काकांच्या आळीतून होता. आळीत वळताना फ्रान्सिस मास्तर मला हळूच म्हणाले, "वर बघू नको रे." मी वर बघितले. सज्जाची दारे सताड उघडी होती आणि तिथे काकू उभी होती, शेजारी आई. काका तिथे नव्हते. मला वाटले, संपले. मग दिसले की ते खाली आहेत, ओट्यावर, पायांत जोडा, डोक्यावर पगडी, कुठेतरी निघाल्यासारखे. बँड समोर आला तेव्हा ते ओट्यावरून उतरले आणि अप्पांच्या बाजूने चालू लागले.

आळीतले लोक बघत होते. शिरस्तेदार घोड्यापुढे चालत होते. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, कॉर्नेट ओठांपासून काढला नाही. नेहमीची ती अवघड जागा आली आणि ती त्यांनी घेतली, रंगात, आणि अर्थातच पुढे धावले. वळणापाशी काका त्यांच्या कानाकडे झुकले. मी लगेच मागे होतो, म्हणून मला ऐकू आले.

"वासू, कॉर्नेट ढोलाच्या पुढे पळतोय," काका म्हणाले. "कालही पळत होता."

मागून उस्मानभाई मोठ्याने हसले. "शिरस्तेदारसाहेब, हुकूम लिहून द्या त्यांना!"

वळण घेऊन आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. काका तिथे थांबले. आणि त्या वळणापासून लग्नघराच्या दारापर्यंत, सगळ्या सराईत पहिल्यांदाच, अप्पा ढोलाच्या मागे राहिले.